पी. सावळाराम

पी. सावळाराम (मूळ नाव : निवृत्तीनाथ रावजी पाटील, मृत्यू : २१ डिसेंबर १९९७) हे मराठी कवी व गीतकार होते. विसाव्या शतकाच्या मध्यास ध्वनिमुद्रिका आणि आकाशवाणी या दोन माध्यमांतून घराघरांत पोहोचलेल्या मराठी भावगीताचे ते एक प्रमुख रचनाकार मानले जातात. संगीतकार वसंत प्रभू आणि गायिका लता मंगेशकर यांच्यासह त्यांनी दिलेले 'गंगा-जमुना' हे सासरी निघालेल्या मुलीच्या पाठवणीचे गीत त्या काळातील सर्वाधिक लोकप्रिय मराठी गीतांपैकी एक ठरले. ते आजही लग्नमांडवांत ऐकू येते. 'जनकवी' या बिरुदाने ते ओळखले जातात. ठाणे नगरपालिकेचे नगराध्यक्षपदही त्यांनी भूषविले होते.

पूर्वायुष्य

सावळाराम यांचा जन्म पहिल्या महायुद्धास तोंड फुटण्याच्या थोडे आधी, ४ जुलै रोजी, येडेनिपाणी (तालुका वाळवा, सांगली जिल्हा) या गावी झाला. वारणा आणि कृष्णा या नद्यांच्या दरम्यानचा हा शेतीचा प्रदेश त्या वेळी सातारा जिल्ह्यात मोडत असे. निवृत्तीनाथ हे नावच घरातील वारकरी संस्कारांशी नाते सांगणारे आहे. पुढे त्यांनी लिहिलेल्या विठ्ठलगीतांतून आणि ज्ञानदेवांवरील रचनांतून हा वारसा सहजपणे उमटत राहिला.

उच्च शिक्षण त्यांनी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात घेतले. १९३०च्या दशकात माधव जूलियन (माधव त्र्यंबक पटवर्धन) तेथे अध्यापन करीत होते. फारसीचे जाणकार, मराठीत गझल रुजविणारे आणि 'छंदोरचना' या ग्रंथाचे कर्ते असलेल्या या कवीच्या सहवासात वृत्तांचे आणि शब्दशुद्धीचे भान येणे स्वाभाविक होते. सावळाराम यांच्या गीतांत यमके व मात्रा क्वचितच ढळतात. चालीसाठी शब्दांची ओढाताण करावी लागली आहे, असेही फारसे आढळत नाही.

शिक्षणानंतर ते नोकरीच्या निमित्ताने ठाण्यास आले आणि तेथेच स्थायिक झाले. लेखनासाठी त्यांनी 'सावळाराम' हे नाव घेतले आणि आपल्या पाटील या आडनावाचे आद्याक्षर तेवढे पुढे ठेवले. खेड्यातून शिकून आलेला आणि मुंबईच्या उपनगरी परिसरात स्थिरावलेला हा कवी, ज्यांनी नुकतेच गाव सोडले होते पण ज्यांच्या मनातून गाव गेलेले नव्हते, अशा मोठ्या श्रोतृवर्गाचाच एक प्रतिनिधी होता.

भावगीताचा काळ

मराठी भावगीत १९३०च्या सुमारास आकाराला आले. नाट्यपदाची तानबाजी बाजूला ठेवून कवितेच्या शब्दांना प्राधान्य देणारी ही गायकी गजानन वाटवे, जी. एन. जोशी आदींनी लोकप्रिय केली. जी. एन. जोशी यांनी पुढे 'हिज मास्टर्स व्हॉइस' कंपनीच्या मुंबई शाखेत ध्वनिमुद्रणाचे काम सांभाळले. कवितेचे गाणे होणे आणि गाण्याची तबकडी होणे, या दोन टप्प्यांमधील अंतर त्यामुळे बरेच कमी झाले.

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, लाखेच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण मावत असे. कवीला ध्रुवपद आणि दोन-तीन अंतरे एवढ्यातच सर्व सांगावे लागे. भावगीताचे स्वरूप ठरविण्यात या तांत्रिक मर्यादेचा वाटा किती मोठा होता, याची दखल वाङ्मयेतिहासात पुरेशी घेतलेली दिसत नाही. लांबलचक कथाकाव्ये मागे पडली. एखादाच प्रसंग, एकच बोलणारी व्यक्ती आणि मनात राहील असा पहिला उद्गार, हा साचा रूढ झाला. सावळाराम यांची प्रतिभा या साच्यास विशेष अनुकूल होती.

त्यांची आणि वसंत प्रभू यांची जोडी याच काळात जमली. प्रभू हे मूळचे नृत्याची जाण असलेले कलावंत. त्यांच्या चाली सरळ, चटकन ओठांवर बसणाऱ्या आणि ताल नेमका धरणाऱ्या असत. भा. रा. तांबे यांच्या कविताही त्यांनी लता मंगेशकर यांच्याकडून गाऊन घेतल्या. परंतु त्यांच्या नावावरील भावगीतांचा मोठा हिस्सा सावळाराम यांच्या शब्दांचा आहे. १९४९ साली 'महल', 'बरसात' आणि 'अंदाज' या हिंदी चित्रपटांनी लता मंगेशकर यांचे नाव देशभर गेले होते. मराठी भावगीताला देशातील सर्वांत मागणी असलेला आवाज मिळाला तो नेमका या वेळी.

'गंगा-जमुना'

सावळाराम यांचे नाव ज्या एका गीताशी कायमचे जोडले गेले, ते हे गीत १९५०च्या सुमारास ध्वनिमुद्रित झाले. त्याची जन्मकथा अनेकदा सांगितली जाते. एका रेल्वे स्थानकावर सासरी निघालेल्या मुलीला तिची आई निरोप देत होती. मुलीचे डोळे भरून आले होते आणि आई स्वतःला सावरून तिची समजूत घालत होती. तो प्रसंग कवीने पाहिला. आईच्या साध्या बोलण्यातील आशीर्वादच पुढे गीताचे ध्रुवपद झाला, असे या आठवणीचे सार आहे.

या कथेत आश्चर्य वाटण्यासारखे काहीच नाही, आणि हीच तिची खूण आहे. त्या काळी पाठवणीचा शेवटचा क्षण घराच्या दारातून हळूहळू स्थानकाच्या फलाटावर सरकला होता. बार्शी लाइट रेल्वेच्या कुर्डुवाडी–पंढरपूर या अरुंदमापी मार्गावरील मोडनिंबसारख्या लहान स्थानकांपासून ते मोठ्या जंक्शनांपर्यंत लग्नसराईत असे दृश्य कोठेही दिसे. गाडी थांबे थोडाच वेळ. जे सांगायचे ते तेवढ्यात सांगावे लागे.

गीतात मात्र कवीने रेल्वे ठेवली नाही. तेथे दाराशी बैलगाडी उभी आहे. सातारा, सांगली आणि सोलापूर या जिल्ह्यांत पैदास होणाऱ्या खिल्लार जातीच्या बैलांची जोडी हे तेथील शेतकऱ्याच्या घरचे वैभव. मुलीला सासरी पोहोचविण्यास ती जुंपणे ही मानाची गोष्ट समजली जाई. स्थानकावरील प्रसंग कवीने आपल्या बालपणीच्या गावात नेऊन ठेवला, आणि ज्या श्रोत्यांनी गाव सोडून फार वर्षे झाली नव्हती त्यांना तो आपलाच वाटला.

संपूर्ण गीत आईच्या तोंडी आहे. मुलीच्या दोन डोळ्यांतील आसवांना तिने दोन नद्यांची नावे दिली आहेत. तीर्थाचे पावित्र्य आणि न थांबणारा ओघ, हे दोन्ही त्या एका प्रतिमेत येते. पुढे आई जगाची रीत सांगते, लहानपणाची आठवण काढते आणि मुलीने दिल्या घरी सुखाने नांदावे असा आशीर्वाद देते. स्वतःच्या दुःखाबद्दल ती जवळजवळ काहीच बोलत नाही. गीताचा परिणाम बराचसा या न बोलण्यातून साधला आहे. वसंत प्रभू यांची चाल आणि लता मंगेशकर यांचे गायनही या संयमाला धरून आहेत. हुंदका दाखवण्याचा मोह दोघांनीही टाळला.

गीताचे यश ताबडतोब दिसून आले. ते घरोघरच्या चावीच्या ग्रामोफोनवर वाजले. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरून, आणि २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालेल्या पुणे केंद्रावरूनही श्रोत्यांपर्यंत गेले. परंतु त्याचा खरा प्रसार लग्नाच्या मांडवात झाला. ध्वनिक्षेपक भाड्याने देणाऱ्यांच्या तबकड्यांच्या पेटीत ही तबकडी असणे जणू बंधनकारक झाले. पाठोपाठ बँडपथकांनी ती चाल उचलली. मंगलाष्टके संपल्यावर जेवणे होत, आणि वऱ्हाड निघण्याच्या वेळी सनई किंवा क्लॅरिनेटवर ही चाल सुरू झाली की शब्दांची गरजही उरत नसे. विक्रीच्या आकड्यांनी मोजल्या जाणाऱ्या लोकप्रियतेहून ही निराळी लोकप्रियता होती. ते गीत विधीचाच एक भाग बनले.

परंपरा आणि समांतर रचना

पाठवणीचे दुःख हा भारतीय वाङ्मयातील फार जुना विषय आहे. कालिदासाच्या 'अभिज्ञानशाकुंतल'च्या चौथ्या अंकात शकुंतलेला निरोप देताना कण्व ऋषींची होणारी अवस्था प्रसिद्ध आहे. मराठीत या भावनेचे सर्वांत मोठे भांडार जात्यावरील ओव्यांत आहे. माहेर, सासर, भाऊ आणि आई हे त्यांचे नित्याचे विषय. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन' या संग्रहातून अशा शेकडो ओव्या सुशिक्षित वाचकांसमोर आणल्या. १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली आणि १९५३ साली आचार्य अत्रे यांचा 'श्यामची आई' हा चित्रपट आला. आईच्या मायेभोवती फिरणाऱ्या या कृती अवघ्या काही वर्षांत एकापाठोपाठ आल्या, हा निव्वळ योगायोग म्हणता येत नाही. कुटुंबे विभागून शहरांकडे जात होती, आणि मागे राहिलेल्या आईचे चित्र त्या पिढीच्या मनात घर करून होते.

हिंदी चित्रपटसृष्टीत 'बाबुल' हा विदाईगीतांचा स्वतंत्र प्रकारच रूढ आहे. त्यांपैकी बहुधा सर्वांत प्रसिद्ध असलेले, महंमद रफी यांनी गायिलेले 'नीलकमल' चित्रपटातील गीत १९६८ सालचे, म्हणजे 'गंगा-जमुना'नंतर बऱ्याच वर्षांनी आलेले आहे. तेथे निरोप देतो तो पिता. सावळाराम यांच्या गीतात वडील दिसतच नाहीत.

टीका

या गीताची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. मुलीला मिळेल त्या घरात सुख मानण्यास सांगणारी ही शिकवण स्त्रीच्या परावलंबनावर मायेचे पांघरूण घालते, असा आक्षेप नंतरच्या काळात घेतला जाऊ लागला. तो गैरलागू नाही. १९२९च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने मुलीचे विवाहाचे किमान वय १४ ठरविले होते. १९४९ मध्ये ते १५ आणि १९७८ मध्ये १८ करण्यात आले. म्हणजे हे गीत प्रथम ऐकू आले तेव्हा पंधरा वर्षांच्या मुलीचे लग्न कायद्याला मान्य होते. हिंदू वारसा कायदा १९५६चा, हुंडाबंदी कायदा १९६१चा, आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला समान वाटा देणारी महाराष्ट्राची दुरुस्ती तर १९९४ची. सासरी सुख मिळाले नाही तर परत येण्यासाठी त्या मुलीकडे फारसे मार्ग नव्हते, हे आईला ठाऊक होते. तिच्या आशीर्वादात जी भीती दडलेली आहे, ती या पार्श्वभूमीवर अधिक स्पष्ट दिसते.

कवीने रूढीवर टीका केली नाही हे खरे. पण तिचे गोडवेही गायिले नाहीत. निरोपाच्या क्षणी आई जेवढे बोलू शकते तेवढेच त्याने लिहिले. हे गीत ऐकताना रडणाऱ्या बायका केवळ रिवाजाखातर रडत नव्हत्या, एवढे तरी मान्य करावे लागते.

'कल्पवृक्ष कन्येसाठी'

सावळाराम–प्रभू–मंगेशकर या त्रयीचे दुसरे अजरामर गीत म्हणजे 'कल्पवृक्ष कन्येसाठी'. मास्टर दीनानाथ मंगेशकर यांचे २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात निधन झाले, तेव्हा लता मंगेशकर १२ वर्षांच्या होत्या. घर चालविण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. वडील वैभव पाहण्याआधीच निघून गेले आणि त्यांनी लावलेले झाड मात्र बहरले, हा या गीताचा आशय. तो गायिकेच्या आयुष्याशी इतका मिळता आहे की, ते गीत दीनानाथांना वाहिलेली आदरांजली म्हणूनच ऐकले जाते. पहिल्या गीतात मुलगी घर सोडते. या गीतात वडील घर सोडून जातात आणि मुलगी मागे राहते. दोन्ही गीते एकमेकांशेजारी ठेवून ऐकण्यासारखी आहेत.

चित्रपटगीते

चित्रपटांसाठीही सावळाराम यांनी विपुल लेखन केले. 'शिकलेली बायको' (१९५९) आणि 'कन्यादान' (१९६०) हे वसंत प्रभू यांचे संगीत असलेले चित्रपट त्यांतील गीतांमुळे दीर्घकाळ लक्षात राहिले. 'कन्यादान'मधील 'लेक लाडकी' हे गीत 'गंगा-जमुना'ची उलट बाजू दाखविते. तेथे मुलगी रडत नाही, आनंदाने बोलते. 'मोलकरीण' (१९६३) या चित्रपटाची गीते वसंत देसाई यांनी स्वरबद्ध केली. सुलोचनाबाईंची प्रमुख भूमिका असलेल्या या चित्रपटात आशा भोसले यांनी गायिलेले, देवाकडे मुलासाठी मागणे मागणाऱ्या आईचे गीत विशेष गाजले.

सावळाराम यांच्या गीतांची यादी पाहिल्यास त्यांतील बोलणारी व्यक्ती बहुतेक वेळा स्त्री आहे, हे ध्यानात येते. आई, लेक, नववधू, गवळण, विठ्ठलाकडे गाऱ्हाणे नेणारी भक्त स्त्री. पुरुषाच्या तोंडी लिहिलेल्या त्यांच्या रचना आहेत, पण लोकांच्या स्मरणात राहिल्या त्या या. स्त्रीच्या मुखातून लिहिण्याची रीत शाहिरी लावणीतही होती. परंतु लावणीतील स्त्री प्रियकराशी बोलते आणि फडावर उभी असते, तर सावळाराम यांची स्त्री स्वयंपाकघर आणि अंगण यांच्या दरम्यान वावरते. मोडनिंबसारख्या लोकनाट्य कला केंद्रांच्या गावात ढोलकीची लावणी आणि लग्नातले 'गंगा-जमुना' ही दोन्ही ऐकू येत, आणि एकामुळे दुसऱ्याचे काही बिघडत नसे.

उत्तरायुष्य

१३ ऑक्टोबर १९६७ रोजी वसंत प्रभू यांचे वयाची पंचेचाळिशी गाठण्यापूर्वीच निधन झाले. एका यशस्वी भागीदारीचा तो शेवट होता. भावगीताचे वळणही तोवर बदलले होते. श्रीनिवास खळे, यशवंत देव, हृदयनाथ मंगेशकर यांच्यासारख्या संगीतकारांनी अधिक गुंतागुंतीच्या चाली आणल्या, आणि मंगेश पाडगांवकर, सुरेश भट, शांता शेळके यांचे शब्द पुढे आले. सावळाराम यांचे नवे लेखन पूर्वीइतके गाजले नाही.

ठाण्याच्या सार्वजनिक जीवनात मात्र ते सक्रिय राहिले. १९६०च्या दशकात ते ठाणे नगरपालिकेत निवडून गेले आणि नगराध्यक्ष झाले. गीतकाराने एखाद्या शहराचा कारभार पाहावा, ही मराठीतील दुर्मीळ घटना आहे. 'जनकवी' ही उपाधी त्यांना कुसुमाग्रजांकडून मिळाल्याचे सांगितले जाते. २१ डिसेंबर १९९७ रोजी त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन

मराठी कवितेच्या इतिहासात १९४५ ते १९६० हा काळ बा. सी. मर्ढेकर आणि नवकाव्य यांच्या नावाने ओळखला जातो. मर्ढेकरांचा 'काही कविता' हा संग्रह १९४७चा. यंत्रयुगातील माणसाची तगमग मांडणाऱ्या त्या कवितेपुढे सावळाराम यांची रचना भाबडी ठरविली गेली, आणि गीतकार हा दुय्यम प्रतीचा कवी असतो हा समजही त्यांना भोवला. समीक्षेच्या ग्रंथांत त्यांच्या वाट्याला येणारी जागा त्यांच्या श्रोत्यांच्या संख्येशी कोणतेही प्रमाण राखत नाही. ग. दि. माडगूळकर यांनाही हा अनुभव काही अंशी आला. पण 'गीतरामायणा'सारखी एक सलग, मोठी कृती त्यांच्या पाठीशी होती. सावळाराम यांचे कार्य तीन-तीन मिनिटांच्या तुकड्यांत विखुरलेले राहिले.

गीतकाराचे नाव मागे पडण्यास माध्यमही कारणीभूत होते. तबकडीवर गायिकेचे नाव ठळक असे आणि कवीचे बारीक अक्षरांत. मांडवात बँड वाजू लागला की तेही नाहीसे होई. 'गंगा-जमुना' हे परंपरेने चालत आलेले लोकगीत आहे असे मानणारे श्रोते आजही भेटतात. कवीच्या दृष्टीने हा अन्याय की बहुमान, याचे उत्तर सोपे नाही.

स्मृती

ठाणे महानगरपालिकेच्या वतीने सावळाराम यांच्या स्मरणार्थ 'जनकवी पी. सावळाराम पुरस्कार' दिला जातो. त्याच समारंभात कलाक्षेत्रातील ज्येष्ठ स्त्री कलावंतास 'गंगा-जमुना पुरस्कार' देऊन गौरविले जाते.